तांडेलाच्या तारखा

तांडेलाला स्वतःच्या मुलीचे नाव आठवायचे नाही, पण जाळ्याची गाठ कधी चुकली नाही. देवगड बंदरात शिडाचे परबाण, म्हणजे शीड बांधायचा आडवा वासा, सुटून डोक्यात बसले, तेव्हापासूनचे हे. तो माझ्या बहिणीचा नवरा, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. गलबताचा मालक म्हणाला, तांडेल प्यायला होता. तांडेल सुपारीसुद्धा खात नसे. मी चौथी नापास, पण खोटे ऐकून घेणारा नव्हे. भरपाईचा दावा मीच लावायला लावला.

डोके ठणकले की तो डोळ्यांवर पंचा बांधून बसे. हातात सुई-दोरा आला की शांत. बहीण म्हणायची, "विणताना हे पयल्यासारखे दिसतत."

एकदा आमच्या वकिलांनी मला बाजूला घेतले. "समोरचे लोक नजर ठेवून आहेत. जाळी विणतो म्हणजे बरा झाला, असे कोर्टात सांगतील."

मी घरी येऊन सुई लपवली. "भावोजी, निकाल लागासर जाळ्याक हात लावू नकात."

"मगे करू काय?"

"आजारी ऱ्हवा."

राहिला. चार वर्षे. तारीख जवळ आली की जेवण सुटायचे. वकील परबाण कसे पडले ते पुन्हा पुन्हा वदवून घेत, आणि परतताना हा एसटीत ओकायचा. मग तारीख पुढे पडायची. बहीण म्हणाली, "दादा, पुरे कर आता." मी म्हटले, "आता माघार? लोक हसतील." लोक मला हसले असते, त्याला नव्हे.

शेवटी मालकाच्या वकिलाने साक्षीत विचारले, "काही काम जमते का?" आम्ही 'नाही' पाठ करून घेतले होते.

"जमता तर! जाळी विणतंय. पण ह्या मेव्हण्यान सुई लपवन ठेवल्यान."

कोर्ट हसले. दावा गेला.

एसटीत मी तोंड फिरवून बसलो. तो म्हणाला, "रागावलंस? अरे, तू जिंकलं असतंस. पण मी खंय ऱ्हवलो असतंय?"

दोन वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. तो अंगणात विणत बसायचा, दोन वेळ जेवायचा. डोकेदुखी मरेपर्यंत गेली नाही. मालक खोटारडा होता, हे मी आजही म्हणतो. कोणी दाव्याचा सल्ला मागितला तर 'लढ' असेच सांगतो. फक्त आधी विचारतो, निकाल लागेपर्यंत तुझा माणूस दिवसभर करणार काय?