लाल वायर डाव्या हाताला

दवाखान्यात तिला सगळे ईसीजीताई म्हणत. लाल चिमटा उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या, उरलेले दोन पायांना, छातीवर जेली लावून रबरी फुगे. घाबरून घामाघूम झालेल्या माणसाला "हलू नका, बोलू नका, काही होत नाही" असं सांगत ती बटण दाबायची आणि सरकणारा कागद बघायची. पेशंट कागदाकडे बघत नसे, तिच्या तोंडाकडे बघत असे. म्हणून तिने तोंड कोरं ठेवायची सवय लावून घेतली होती.

अशा बाईच्या छातीत दुखावं आणि ते तिच्याच यंत्राला दिसू नये, हा चावटपणा कुणाचा, देव जाणे. डाव्या बरगडीच्या आत कुणीतरी अंगठा रोवून धरावा तसं दुखायचं. कधी जिना चढताना, कधी भाजी चिरताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. दोन वर्षं हे चाललं होतं. ईसीजी झाला, इको झाली, ट्रेडमिलवर पळून झालं, रक्त देऊन झालं, घशातून दुर्बीण घालून पोटही बघून झालं. सगळं नॉर्मल. प्रत्येक रिपोर्ट आला की घरात पास झाल्यासारखा आनंद व्हायचा, आणि तिला तो कागद चुरगाळून फेकावासा वाटायचा. दुखतंय ते दुखतंयच, वर हसायचंही आपणच.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर "आता वाचा, दिसतंय का?" असं विचारून विचारून त्याची एक समजूत झाली होती, की जे आहे ते दिसतंच. "अगं, रिपोर्ट क्लिअर आहे ना? मग सोड की," एवढंच त्याचं औषध. नणंद त्याच्या पुढची. ती फोनवर म्हणायची, "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता. गॅस असेल." दोन वर्षं टिकणारा गॅस ईसीजीताईने तरी कधी पाहिला नव्हता.

मग तिने जिद्दच धरली. दुपारी पेशंट नसले आणि दुखायला लागलं, की दाराला कडी घालायची, स्वतःच आडवं व्हायचं, चिमटे लावायचे, बटण दाबायचं. दुखणं ऐन भरात असताना यंत्र आपलं छान, सरळ, देखण्या रेघा काढत राही. एकदा तर तिने यंत्राला शिवीच दिली. एक वाकडी रेघ, एवढंच मागणं होतं तिचं. मरायचं नव्हतं तिला. खोटी ठरायचं नव्हतं.

आणि एका दुपारी, डोकं अगदी फिरलेलं असताना, तिने लाल चिमटा डाव्या मनगटाला लावला आणि पिवळा उजव्या. नव्या पोरींकडून सुरुवातीला होणारी आणि तिच्याकडून कधीच न झालेली चूक. रेघा उलट्या पडल्या. यंत्राने इमानदारीत वर छापलं, "अ‍ॅबनॉर्मल". तिने कागद पर्समध्ये टाकला.

घरी नवऱ्याने तो पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिच्या हातातली भाजीची सुरी काढून घेतली, तिला खुर्चीत बसवलं, समोर बसला आणि विचारलं, "नक्की कुठे दुखतं? दाखव मला." तिने बोट ठेवलं. त्याने तिथे तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या संध्याकाळी तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

पण तो गप्प बसतोय थोडाच. दोन दिवसांनी दवाखान्याचे मोठे डॉक्टर गावाहून परतले, तसा तिला घेऊन त्यांच्यासमोर हजर. डॉक्टरांनी कागद एकदाच बघितला.

"यानुसार ताईंचं हृदय उजवीकडे आहे," ते हसले. "हातांच्या वायरी उलट लागल्यात हो." त्यांनी स्वतः नीट लावून पुन्हा काढला. सुंदर ईसीजी. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने हसला, डॉक्टरांशी हात मिळवला. ती टेबलावर तशीच पडून होती, आणि बरगडीखाली अंगठा रोवलेलाच होता.

"पण ताई, इतक्या वर्षांत तुमच्याकडून ही चूक मी पाहिली नाही," डॉक्टर म्हणाले.

चुकून झालं म्हणून टाकलं असतं तर सुटली असती. चूक कुणाकडूनही होते.

"चूक नाही," ती उठून बसत म्हणाली. "मुद्दाम लावल्या."

डॉक्टर जेलीची बाटली पुसत बसले. नवऱ्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. बायको ठणठणीत असल्याचा आनंद मानावा, की तिने फसवल्याचा राग, हे त्याला ठरवता येईना. शेवटी राग जिंकला.

"केवढं घाबरवलंस मला, कळतंय का तुला?" तो म्हणाला. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझा. तू झोपलीस की तुझा श्वास चालू आहे ना, ते बघत बसलो होतो."

"मी दोन वर्षं तेच करतेय," ती म्हणाली. "तुम्हाला घाबरायला निदान कागद तरी मिळाला."