चिमूटभर पावडर

ही गोष्ट आता माझ्यावाचूनच गावभर फिरते आहे, म्हणून म्हटलं, आपणच ती एकदा नीट सांगून टाकावी. इतर लोक सांगताना ती वाढवतात. मला वाढवलेलं चालत नाही. माझी फजिती झाली, मान्य. पण ती जेवढी झाली तेवढीच सांगितली जावी, एवढी माझी अट आहे. चहा घ्या, गार होतोय.

आधी माझा धंदा काय तो सांगते, कारण त्यावाचून माझ्या मूर्खपणाची खरी खोली तुम्हाला कळणार नाही. मी दिल्लीतल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते आणि सोलर सेलसाठी पारदर्शक थर बनवते. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये किंचित अ‍ॅल्युमिनियम मिसळायचं आणि काचेवर त्याचा इतका पातळ थर द्यायचा, की काच काचेसारखीच दिसावी, ऊन आरपार जावं, पण तिच्यातून वीजही वाहावी. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर मी दोन काचा ठेवते. दिसायला दोन्ही सारख्या. पण एकीला तारा जोडल्या की दिवा लागत नाही, दुसरीला जोडल्या की लागतो. मग मी माझं ठरलेलं वाक्य म्हणते: "जे दिसत नाही ते तिथे नाही, असं समजणारा माणूस या प्रयोगशाळेत टिकत नाही."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. पन्नाशी जवळ आलेल्या बाईने स्तनांची एक्स-रे तपासणी करून घ्यावी, हे मला ठाऊक होतं आणि पटतही होतं. फक्त वेळ मिळत नव्हता. शेवटी श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, परस्पर वेळ ठरवून टाकली. सरोजिनी नगरच्या बाजाराजवळ एक तपासणी केंद्र आहे, तिथली. मेट्रोतून उतरून तिथवर चालत गेलं की माणूस भाजून निघतो. घामोळ्याने मी हैराण झाले होते, आणि त्यावर घामोळ्याची पावडर लावली होती. किती? तो प्रश्न पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून आत्ताच नोंदवते. चिमूटभर.

मशीन चालवणारी सुनीता रोहतककडची. मी आत शिरताच तिला विचारलं होतं, की मशीन शेवटचं कधी तपासलं आणि किरणांची मात्रा किती देता. ती तेवढ्यानेच थकली होती.

"मैडम जी, डियो-पाउडर तो ना लगा रख्या?"

"लगाया है. घमौरियों वाला."

"तो पोंछ लो. गीला टिश्यू वो रख्या."

"क्यों?"

आता सांगा, ज्या बाईला 'का' विचारण्याचाच पगार मिळतो, तिने विचारायचं नाही?

"फोटो में आ जाया करै."

"आपकी मशीन पूरे शरीर के आरपार देख लेती है, और चुटकी भर पाउडर पर अटक जाएगी? देखिए, दिख भी नहीं रहा."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "ठीक सै मैडम. थारी मर्जी."

मी जिंकले. पानिपत इथून फार लांब नाही, हे त्या वेळी आठवायला हवं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी बोलावलं. फार मऊ आवाजात बोलत होत्या; डॉक्टर मऊ बोलायला लागले की समजावं. डाव्या बाजूला, काखेजवळ, काही बारीक पांढरे ठिपके दिसत होते. असे ठिपके पुष्कळदा निरुपद्रवी असतात, कधीकधी मात्र कर्करोगाची ती सुरुवात असते. पुढच्या आठवड्यात पुन्हा, तो भाग मोठा करून फोटो घ्यायचा. गरज पडली तर सुईने तुकडा काढायचा.

घरी आले. श्रीकांत दारातच उभा.

"घाबरलीस?"

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"निष्कर्ष कोण विचारतंय, यार? घाबरलीस का, एवढंच विचारतोय."

"हो," मी म्हटलं. "पण ते कोणाला सांगायची गरज नाही."

त्यानंतर मी ते नोएडातल्या आमच्या सबंध सेक्टरला सांगितलं. कसं, ते ऐका.

आमच्या मजल्यावर पवारवहिनी राहतात. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, माणूस सरळ. श्रीकांत लिफ्टमध्ये त्यांच्याजवळ काहीतरी बोलला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी वहिनी नाचणीचं सत्त्व घेऊन हजर.

"ताई, आमचे सायेब म्हणत होते, तुमचं ते… त्यातलं कायतरी निघालंय."

"कशातलं?"

"त्यातलंच हो. बायकांचं." आणि ओढणी उगाच सारखी केली.

"स्तनाचा कर्करोग. असेल कदाचित. म्हणा, वहिनी. नुसतं म्हटल्याने कोणाला होत नाही."

"अगं बाई, हळू. भाईर दूधवाला हाय."

"असू दे. त्याच्याही घरी बायका आहेत."

वहिनी सत्त्वाचं भांडं ठेवून जवळजवळ पळाल्याच. मी मात्र धुमसत राहिले. काय आहे हे? गुडघ्याचं दुखणं मंडळी चौकात उभी राहून सांगतात, मूळव्याधीवर लग्नाच्या पंगतीत चर्चा होते, आणि हा एक शब्द उच्चारायचा तर दूधवाला जायची वाट बघायची?

त्याच रविवारी आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळींचं आमरसाचं जेवण होतं. दर मे महिन्यात असतं. हापूस रत्नागिरीचा, पुऱ्या तळणारा मथुरेचा. मी आत शिरले तशा गप्पा थांबल्या. कोणीतरी पंख्याखालची खुर्ची रिकामी करून दिली. तेही सोसलं असतं. पण वाढणाऱ्या बाईंनी माझ्या वाटीत न मागता आणखी आमरस ओतला, आणि डोळे भरून माझ्याकडे पाहिलं.

तिथे माझी सटकली. मला दया म्हणून आमरस?

अंताक्षरीसाठी आणलेला माइक टेबलावर पडला होता. मी तो उचलला. "मैत्रिणींनो, आणि मित्रहो, कुजबुजायची गरज नाही. मला कदाचित स्तनाचा कर्करोग आहे. कदाचित नाही. पुढच्या आठवड्यात कळेल. असला तर उपचार घेईन आणि केस गेले तर टोपी न घालता फिरेन. ज्यांना माझी काळजी वाटते त्यांनी मला आमरस वाढू नये. स्वतःची तपासणी करून घ्यावी. इथे किती जणींनी केली आहे? हात वर करा."

एकही हात वर नाही. पुरुष पुऱ्यांकडे बघत होते. श्रीकांत छताकडे.

मग पवारवहिनी उभ्या राहिल्या. मंडळात त्या सहसा बोलत नाहीत. "मी येते ताईंच्या संगं. माझंबी बघू द्या काय ते." त्यांच्या मागून आणखी दोघी म्हणाल्या, आम्हीपण. मी केंद्रात फोन करून सगळ्यांच्या वेळा एकाच दिवशी लावून घेतल्या.

त्या रात्री मला छान झोप लागली. पराक्रमी माणसाला लागते तशी.

आणि मंगळवारी प्रयोगशाळेत माझी विद्यार्थिनी नाज़िया एक काच घेऊन आली. पीएचडीचं तिसरं वर्ष, हुशार मुलगी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या थरावर बारीक पांढरे ठिपके दिसत होते.

"मैम, लगता है ये मटेरियल के अंदर से ही आ रहा है. मैं पूरा फ़ॉर्मूला बदलने की सोच रही हूँ."

"मशीन में डालने से पहले काँच धोया था?"

"पोंछा था, मैम."

"पोंछा था या धोया था? नाज़िया, कितनी बार कहा है, ऊपर की धूल को अंदर की बीमारी मत समझो."

वाक्य तोंडातून निघालं, खोलीभर फिरलं आणि परत येऊन माझ्याच डाव्या काखेपाशी थांबलं.

मी डावखुरी नाही. पावडर उजव्या हाताने लावते. ती जास्त कुठे पडते? डावीकडे. आणि मी तर ती पुसलीसुद्धा नव्हती.

"मैम? आप ठीक हैं?"

तुम्ही म्हणाल, बाईला आनंद झाला असेल. छे. मला संशय आला. भ्यालेला माणूस सुटकेचा कुठलाही सिद्धान्त मांडू शकतो. इच्छा हा पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी मी तो पावडरचा डबा पर्समधून प्रयोगशाळेत नेला, चिमूटभर पावडर काढून नाज़ियाला दिली आणि एक्स-रेच्या यंत्रात तपासायला सांगितली. आमचं यंत्र फोटो काढत नाही, पदार्थ ओळखतं. प्रत्येक पदार्थाचा आलेख वेगळा. आमच्या पदार्थाचा तर आम्ही झोपेत ओळखू.

नाज़िया आलेख घेऊन धावतच आली.

"मैम, ये तो अपना ही वाला है. ज़िंक ऑक्साइड. साथ में कुछ टैल्क भी है. किसका सैंपल है?"

"एक परिचित का."

"उन्होंने काँच पर लगाया था?"

"नहीं," मी म्हटलं. "काँच पर नहीं."

ती गेल्यावर मी डबा उलटा केला. मागे, बारीक अक्षरांत, स्वच्छ लिहिलेलं होतं: ज़िंक ऑक्साइड. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी मी दोनदा वाचते. हा डबा माझ्या न्हाणीघरात कित्येक उन्हाळे उभा होता. ज्या पदार्थातून प्रकाश कसा आरपार जातो हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तो एक्स-रेला आरपार जाऊ देत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फक्त तो माझ्या काखेत आहे, हे ठाऊक नव्हतं.

तरीही सिद्ध काहीच झालं नव्हतं. पावडरमध्ये जस्त आहे, एवढंच कळलं होतं. ठिपके पावडरचेच, हे नव्हे. म्हणून मी कोणाला काही बोलले नाही.

तपासणीच्या दिवशी गाडीत आम्ही चौघी. मागच्या दोघी आवळ्याच्या गोळ्या चघळत गप्पा मारत होत्या. पुढे माझ्या शेजारी पवारवहिनी, गप्प. बारापुल्ल्याच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा मी ठरवलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी काचेबाहेर बघत म्हणाल्या, "ताई, मला होळीपासनं गाठ लागतीया हाताला. बारकी. उजवीकडं."

"होळीपासून? आणि बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? सायबांना? ते तर नावबी घेऊ देत न्हाईत. तुम्ही माइकवर बोललात म्हून आले."

मी तोंड मिटलं. तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं? की वहिनी, माझी बहुतेक पावडर आहे, चला परत? या तिघी आत जाऊन येईपर्यंत मी एक अक्षर बोलणार नव्हते. जिला हा अप्रामाणिकपणा वाटत असेल, तिने खुशाल वाटून घ्यावा.

सुनीता दारातच होती. मला बघून तिने मान ताठ केली.

"मैडम जी, आज…"

"धोकर आई हूँ. साबुन से. दो बार."

"मैंने तो इब्बे पूछ्या भी कोनी." खरंच, तिने अजून विचारलंसुद्धा नव्हतं.

सगळ्यांचं आटोपल्यावर डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं, आणि माझ्यामागून, कोणी न बोलावता, माझी सगळी फौजही आत शिरली. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. नवा फोटो कोरा. एकही ठिपका नाही.

"बिल्कुल साफ़ है. पिछली बार पाउडर-वाउडर लगाकर आई थीं क्या?"

दारात सुनीता हाताची घडी घालून उभी.

"हाँ," मी म्हटलं.

"म्हंजे, पावडर?" पवारवहिनी.

"पावडर."

"आन् तो माइक?"

"माइक खरा होता, वहिनी."

वहिनींची गाठही खरी होती. सुईने तपासली, साधी निघाली, पुढे महिन्याभरात काढूनही टाकली. इस्पितळात सुभेदारसाहेबांनी नर्सला 'स्तन' हा शब्द मराठीत, मोठ्याने आणि स्पष्ट सांगितला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

श्रीकांत म्हणाला, "चला, सुटलीस. आता गप्प बस, विषय संपला." का म्हणून? ज्या आवाजात अंदाज सांगितला त्याच आवाजात दुरुस्तीही सांगायची, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सविस्तर निवेदन टाकलं: ठिपके पावडरचे होते, चूक सर्वस्वी माझी होती, तपासणीचा सल्ला मात्र तसाच कायम आहे. उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वाढणाऱ्या बाईंनी लिहिलं, "मग आमरस परत करा." मी लिहिलं, करणार नाही.

त्यांनीही पुढे तपासणी करून घेतली. मी जिंकले की नाही? जवळजवळ.

कारण या मे महिन्यात मी वर्षाच्या तपासणीला पुन्हा तिथेच गेले. घरून अंघोळ करून, पावडरशिवाय, कडक घामोळ्यासह. सुनीता रजेवर होती. तिच्या जागी नवी मुलगी, हसतमुख.

"मैडम, पाउडर तो नहीं लगाया न? लगाया हो तो बता दीजिए, झगड़ा मत कीजिएगा."

"झगड़ा कौन करता है?"

"अरे, पिछले साल एक प्रोफ़ेसर मैडम आई थीं. सुनीता दीदी सबको सुनाती हैं. कितना समझाया, मानी ही नहीं. मशीन पर ही लेक्चर दे दिया. फिर सबको बोल दिया कैंसर है, पूरे मोहल्ले को लेकर आ गईं, और निकला क्या? पाउडर."

"ऐसे भी लोग होते हैं?" मी म्हटलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं. तिला माझं नाव माहीत नव्हतं. मी सुखरूप बाहेर पडले असते.

"होते हैं न, मैडम, पढ़े-लिखे ही होते हैं. पूरा डिब्बा पोतकर आई थीं."

"पूरा डिब्बा नहीं," मी म्हटलं. "चुटकी भर था."