कॅरमची खोली आणि मास्तरांचा निर्वात

वाचनालयाच्या हजेरीवहीत मी फक्त सह्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. पण नाईक मास्तर दर रविवारी क्वांटम विज्ञानावर बोलू लागले आणि सह्यांपेक्षा समासातले किस्सेच वाढले!

*

पहिल्याच रविवारी मास्तर म्हणाले, "सगळं काढून टाकलं तरी निर्वात शांत नसतो. त्यात सतत काहीतरी उगवतं आणि विझतं."

शालनकाकी पुटपुटल्या, "मे महिन्यात आमचा घर तसाच! एक पावणो गेलो म्हणान बसूचा, तर दुसरो हजर!"

*

मास्तरांची ती शून्याच्याही खालची ऊर्जा कोणाच्याच गळी उतरेना. बाबली खलाशी फक्त पंख्याच्या वाऱ्यासाठी यायचा. तो उठला.

"भरती-ओहोटीचो तक्तो बघा. मोठ्या ओहोटीक कधी उणे आकडो असता. म्हणान दर्यो रिकामो झालो? पाणी शून्याच्या रेघेखाली गेला, इतक्याच!"

मास्तरांनी फळा पुसला. "आता मी काय शिकवू?"

*

फळ्यावर 'ऋण ऊर्जा' वाचून कुडाळचे एक गृहस्थ आत आले. "घरातली काढून मिळेल?"

मास्तर म्हणाले, "अहो, काढताय कसली? ती कणभर निर्माण करायला शास्त्रज्ञांचा जन्म जातो!"

*

वाचनालयाचे अध्यक्ष दादा म्हणजे पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या दोन कोऱ्या बोटींचे मालक. त्यांना ही खोली कॅरमला हवी होती. "पुढच्या रविवारी दहा सह्या झाल्या नाहीत, तर वर्ग बंद!"

मास्तर आठवडाभर घरोघर फिरले. रविवारी मी सह्या दोनदा मोजल्या. नऊ! दादा तर कॅरम बोर्ड घेऊनच दारात उभे.

तरी मास्तर बोलतच होते. "निर्वातात धातूचे दोन पत्रे अगदी जवळ उभे करा. मधल्या फटीत थोड्याच लहरी मावतात, बाहेर सगळ्या. मधली ऊर्जा रिकाम्याहूनही कमी! मग पत्रे आपोआप एकमेकांकडे ओढले जातात."

दादा हसले. "मधी काय नाय आणि जवळ येतत? मास्तर, माका शिकवू नको!"

बाबली खिडकीतून जेटीकडे बघत होता. "दादानू, दोनव बोटी बाजूबाजूक बांधल्यात? मधी टायर नाय लावल्यात?"

"टायर कित्याक? चांगली दोन हात जागा आसा. वारोपण नाय!"

तेवढ्यात जेटीवरून 'कर्रर्र' असा आवाज आला. आम्ही सगळे धावलो. संथ लाटांवर दोन्ही बोटी एकमेकींना घट्ट चिकटून अंग घासत होत्या. कोऱ्या रंगाची सालपटं पाण्यावर तरंगत होती.

दादा बघतच राहिले. "मधी कायच नव्हता रे!"

मास्तरांनी माझ्या हातातली वही घेतली आणि दादांपुढे धरली.

"इथे. नवाच्या खाली."