एका दिवसाचं सर्टिफिकेट

अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात एका दिवसाच्या आजारपणालाही डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागायचं. नियम माझाच. खोटी पोटदुखी मी चेहऱ्यावरून ओळखतो, हा माझा दावा आजही कायम आहे. मग एकदा मलाच ताप भरला. नियम म्हणजे नियम, म्हणून वेस्ट मांबलमच्या दवाखान्यात टोकन घेऊन दोन तास कुडकुडत बसलो.

थर्मामीटर बघून डॉक्टरीणबाई खवळल्या, "एवढ्या तापात घरी झोपायचं सोडून इथे कशाला आलात?"

"ऑफिसात सर्टिफिकेट द्यावं लागतं."

"कुठल्या गाढवाने केलाय हा नियम?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जीभ दाखवा."

मी ती हवी त्यापेक्षा लांब काढली आणि बराच वेळ बाहेरच ठेवली.