आधी लोगो, मग चॅनल

सोलापुरात ज्याला आमच्या मास्तरांनी लोगो करून दिलेला नाही असा माणूस एक तर अजून जन्माला यायचाय, नाही तर त्याच्याकडे मोबाईल नाही. आणि मोबाईल नसला म्हणून मास्तर सोडतात, अशातलाही भाग नाही. आमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीचं टेबल लावणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा फोन म्हणजे नुसता बोलायचा, बटणांचा. मास्तरांनी त्यांच्यासाठी कोळशाच्या इस्त्रीतून सूर्य उगवतोय असा लोगो केला आणि दाखवायला स्वतःचा फोन त्यांच्या नाकापुढे धरला. ते बिचारे म्हणाले, "मास्तर, लई झ्याक हाय, पर ह्येचं मी काय करू?" "वेबसाइटला लावा." "माजी कुटली वेबसाइट?" "निघंल की! आदी लोगो, मग वेबसाइट. आदी डिझाइन, मग माग." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हटलं की मास्तरांच्या दृष्टीने वाद संपतो.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं असेल तर फक्त मला, आणि मीही काही शिकले नाही. ते चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. पण नुसतं चित्र काढून चादर होत नाही. चित्र चौकडीच्या कागदावर बसवायचं, एकेक चौकोन मोजून रंगवायचा, मग त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावर चढवायच्या. मागाला चित्र कळत नाही, भोक कळतं. एक चौकोन चुकला की सगळ्या चादरींवर हत्तीची सोंड वाकडी. म्हणून मास्तर बसायचे ते श्वास रोखून. दुपारचा भोंगा झाला, बाकीचे डबे उघडून मोकळे झाले, तरी हे आपले कागदाला नाक लावून. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या ह्यांना चेहरा दाखवून उपेग न्हाय. चौकोनात बसलात तरच वळख लागती."

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मंगळवेढ्याहून लग्न होऊन आलेली, शाळेत रांगोळीत पहिला नंबर आल्याचं सर्टिफिकेट ट्रंकेत साडीच्या घडीत घालून आणलेली. आपण मोठ्या कलावंत आहोत आणि सोलापूरला याची अजून खबर नाही, एवढीच काय ती माझी खंत. एकदा दोन रात्री जागून मी मोर काढला आणि मास्तरांच्या टेबलावर असा ठेवला, जसा काही राजीनामाच. मास्तरांनी पट्टी लावली, पेन्सिलीने ठिपके दिले, बराच वेळ घरच्या तेलुगूत आकडे पुटपुटले. मग म्हणाले, "बाई, मोर चांगला हाय. पर लई लांब हाय. मागावर घातला तर पिसारा ह्या चादरीवर आन् तोंड फुडच्या चादरीवर यील."

"मग बरंच की," मी म्हणाले, "गिऱ्हाईक दोन चादरी घेईल."

मास्तर हसले नाहीत. खरंच विचार करायला लागले. मग हळूच म्हणाले, "आन् दुकानदारानं एकच ठिवली आसंल तर?"

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, हा त्यातला अपमानाचा भाग. नवव्या दिवशी मीच जाऊन विचारलं, "माझा राग दिसला नाही का तुम्हाला?" तर म्हणाले, "मी म्हनलं तुमी मोर आखूड करायलाय." पुढे माझ्या नवऱ्याशी त्यांची दोस्ती जमली, मी 'बाई'ची 'वैनी' झाले आणि त्या मोराचा विषय निघाला की माझ्याआधी नवराच हसायला लागायचा.

कारखाना बंद झाला त्याला आता जमाना झाला. आमच्या पेठेतल्या मागांची खटखट अशी होती की ती असताना कधी ऐकू आली नाही, आणि थांबली तेव्हा आठवडाभर कुणाला झोप लागेना. मास्तरांनी काढलेली डिझाइनं, त्या पट्ट्या, ते कागद, सगळं कुठल्या तरी टेम्पोत भरून गेलं. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं असायचं. डिझाइन कुणाचं, हे विणायची पद्धत नव्हती. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. फक्त लग्नाकार्यात आहेरात चादर आली की ते ती उलगडून बघायचे, बोटाने चौकोन मोजायचे आणि घडी घालून परत द्यायचे. स्वतःची निघाली की घडी जरा सावकाश घालायचे.

मग मुलानं त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि त्या फोनवर फुकटात लोगो करून देणाऱ्या साइटी असतात, असा शोध मास्तरांना लागला. काही विचारू नका! नाव टाका, धंदा निवडा, की साठ-सत्तर चित्रं समोर हजर. "वैनी, आपल्या टायमाला एक रंग बदलायचा तर आठवडा जायचा. हितं बोट लावलं की लाल, बोट लावलं की हिरवा!" लहान मूल गोट्या दाखवतं तसे ते रंग दाखवायचे. आता या साइटींची एक मेख असते. फुकटात मिळतं ते चित्र नखाएवढं. मोठं, स्वच्छ पाहिजे असेल तर पैसे भरा. पण मास्तरांना कसले पैसे सांगता! ते त्या नखाएवढ्या चित्रावर भिंग धरायचे, त्यातले बारीक चौकोन मोजायचे, ते चौकडीच्या कागदावर उतरवून ब्रशने रंगवायचे आणि कागदाचा फोटो काढायचे. जे काम पैसे भरले तर चुटकीसरशी होतं, ते मास्तर चार दिवसांत फुकट करायचे.

शिवाय जुनी खोड. चादरीच्या काठाला डिझाइन अर्धंच काढायचं असतं. मागाची बांधणीच अशी की उरलेलं अर्धं तो आरशासारखं आपलं आपण विणतो. आयुष्यभर अर्धंच काढायची सवय लागलेला हा माणूस लोगोही अर्धेच द्यायचा. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने चहाच्या व्हिडिओंचा चॅनल काढला, त्याला मास्तरांनी अर्धा कप दिला. कान नसलेला, उभा चिरलेला. चहावाला म्हणाला, "मास्तर, हा तर कटिंगचा लोगो झाला!" मास्तर शांतपणे म्हणाले, "अर्दा माग काढतोय की." फोनला माग नसतो, हे त्यांना दरवेळी नव्यानं आठवायचं.

माणसं कौतुक करायची, "वा मास्तर" म्हणायची आणि लोगो लावायची मात्र कुणी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासायला गेले, तर हनुवटी त्या यंत्रावर टेकलेली असतानाच विचारतात, "डॉक्टर, तुमच्या वेबसाइटला लोगो हाय का?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हलू नका." तपासणी झाल्यावर मात्र डॉक्टरांनी एकच शब्द सांगितला. काचबिंदू. एका डोळ्याची नजर गेलेलीच होती, दुसऱ्याची चाललेली. गेलेली परत आणायचा उपाय नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकवायची. हे मला मास्तरांनीच सांगितलं, चादर खपली नाही हे सांगावं तसं.

याच सुमारास माझ्या नातीने, रेवाने, सुट्टीत येऊन माझा चॅनल काढला. नाव 'आजीचं चुकलंच'. नव्या नवरीपणी मी काय काय बिघडवलं ते आधी सांगायचं आणि मग तो पदार्थ नीट करून दाखवायचा. बिघडवलेल्या पदार्थांचा माझा साठा मोठा आहे, चॅनल वीस वर्षं चालेल. रेवाने तसल्याच एका साइटवर नाव टाकलं आणि दोन मिनिटांत लोगो: पांढरी फुगीर टोपी, खाली आडवे दोन चमचे, मध्ये झुपकेदार मिशी. मला तो फार आवडला. म्हातारपणी माणसाला अक्कल येते म्हणतात ती कुठून येते कोण जाणे, माझ्याकडे काही आलेली नाही. मी तो मास्तरांना मोठ्या तोऱ्यात दाखवला. त्यांनी फोन डोळ्याला टेकवला.

"वैनी, तुमाला मिशी कवा आली?"

"आजकाल असंच असतं, मास्तर."

मास्तरांनी फोन परत दिला. चहाची बशी खाली ठेवली. मग एकदम म्हणाले, "एवडे लोगो केले, एक बी कुणी लावला न्हाय. तुमचा तरी मला करू द्या की. डोळा हाय तवर."

आणि मी काय म्हणावं? "बघू." रांगोळीत पहिला नंबर आलेली बाई ती! मिशी सोडवेना मला.

पंधरा दिवसांत देवाने कान धरला. अकलूजच्या कुणी बाईंनी व्हिडिओखाली लिहिलं, 'आजी, हा लोगो आमच्या मिसळच्या चॅनलचा आहे, तुम्ही उचललात का?' रेवाने शोधलं तर तीच मिशी, तेच चमचे, आणखी तीन ठिकाणी. फुकटचा लोगो, सगळ्या गावाची एकच मिशी. मी उठले, चपला घातल्या आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले. "मास्तर, मिशी काढली. आता तुम्ही काढा."

मास्तर दुसऱ्याच दिवशी आले, पण चेहरा पडलेला. सगळ्या साइटी धुंडाळून झाल्या होत्या. "वैनी, पिझ्झा हाय, डोनट हाय. भाकरी न्हाय! सगळ्या जगाला लोगो देत्यात आन् भाकरी न्हाय." म्हणजे यांनी माझ्यासाठी भाकरी ठरवली होती, मला न विचारता. म्हणाले, "थापा एक. बघू द्या."

मी ज्वारीचं पीठ मळून थापायला घेतलं. मास्तर ओट्याला खेटून उभे. आधी भिंग धरलं, मग ते बाजूला ठेवलं, आणि थापलेल्या भाकरीवर माझ्या बोटांचे जे ठसे उमटले होते, त्यांत त्यांनी आपली बोटं अलगद ठेवून पाहिली. एकेका ठशात. किती खोल, किती अंतरावर. तेव्हा मला कळलं की त्यांना ती भाकरी नुसती पांढरी दिसत होती. मी तव्याकडे तोंड केलं. त्या दिवशी तीन भाकरी करपल्या आणि रेवा म्हणाली, "आजी, हाच व्हिडिओ करूया का?" तिला मी गप्प बस म्हटलं.

"ह्ये अर्द्यात बसत न्हाय," मास्तर म्हणाले. "डावं-उजवं सारकं न्हाय. आख्खं काढावं लागंल."

तीन आठवडे लागले. रोज सकाळी गॅलरीत ऊन असेपर्यंत तेवढंच काम व्हायचं. ऊन सरकलं की ब्रश धुवायचे. मधे एकदा मुलानं म्हणे विचारलं, "बाबा, कशाला डोळे ताणताय?" तर म्हणाले, "ठिवून तरी काय करू?" शेवटी कागद आला. काळ्या तव्यावर पांढरी भाकरी, करपलेल्या कडेचा तपकिरी रंग आणि मधोमध बोटांचे ठसे. मी खोटं लिहीत नाही, त्या भाकरीला वाफ होती. फक्त करंगळीचा ठसा जागेवर नव्हता. तो घसरून भाकरीच्या कडेला गेला होता, अर्धा भाकरीवर, अर्धा तव्यावर.

रेवा म्हणाली, "आजी, हे मी त्या साइटवर एका क्लिकमध्ये सरकवते. कुणाला कळणारही नाही."

"हात लावायचा नाही."

"अगं, पण चुकलंय ना!"

"चुकलंय. राहू दे."

तसाच लावला. पहिल्या दिवशीच तिघांनी लिहिलं, लोगोतली करंगळी पळाली वाटतं. रेवाने ती पत्रं मला वाचून दाखवली आणि माझ्या सांगण्यावरून एकालाही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी मास्तर आले. मी फोन हातात दिला. चॅनलवर लोगो दिसतो तो केवढा, तर शर्टाच्या गुंडीएवढा. मास्तरांनी फोन जवळ नेला, लांब नेला, उजव्या डोळ्यापाशी नेला, आणि माझ्या हातात परत दिला.

"लागला?"

"लागला की. दोनशे माणसांनी बघितला."

"बोटं सगळी बराबर आलीत न्हवं, वैनी?"

मास्तरांशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हत्तीची सोंड चुकली तेव्हा सगळ्या खात्यासमोर मीच ओरडून सांगितलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. मी म्हणाले, "पाचही. जिथल्या तिथं."

मास्तरांनी मान हलवली. चहा नको म्हणाले, उशीर होतो म्हणाले. जिन्यापर्यंत सोडायला मी गेले, तर हात वर करून मला तिथंच थांबवलं आणि कठड्याला धरून उतरायला लागले. हळू आवाजात काही तरी म्हणत होते. आधी वाटलं देवाचं नाव. मग कळलं, घरच्या तेलुगूत आकडे. ओकटी, रेंडू, मूडू. दर पायरीला एक.

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. इतकी वर्षं चढते-उतरते आहे, मोजल्या होत्या कुणी? वळणावर मास्तर दिसेनासे झाले, आवाज मात्र येत राहिला. पदकोंडू म्हणजे अकरा, एवढं तेलुगू मला येतं. ते ऐकू आलं आणि मगच मी दार लावलं.