सुग्रीवच्या बाभळी

सुग्रीवचं इचारताय तर नीट ऐका, मधी बोलू नका. मला राग लवकर येतो. मी धर्मराज, गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन, गाव मला आप्पा म्हनतं. गाव आमचं नांदूरघाटाच्या वरच्या अंगाला, सगळं माळरान.

सुग्रीव धनगराचा. चाळीसेक शेळ्या, थोडी मेंढरं, बायको मनकर्णा, आन तोंडात सदा तिरकं उत्तर. कुठं निघालास म्हनलं की म्हनायचा, "मेंढरं नेतील तिकडं." शाळा चौथीपतोर, पर शिवारातला एकूनएक बांध त्याच्या पायाखालचा. म्हनून उपग्रहाचे साहेब लोक आले तवा त्यांनी त्यालाच रोजानं धरलं. काम काय, तर उपग्रहानं वरून काढलेला फोटू घेऊन रानात जायचं आन खाली खरंच तसं हाय का ते बघायचं. त्या फोटूत हिरवं रान तांबडं दिसतंय. आमी हसलो. सुग्रीव हसला न्हाई. आठ दिसात त्यो फोटू वाचायला शिकला. ह्यो ऊस, ही तूर, ह्यो उघडा माळ, असं बोट ठिवून सांगायचा. वरचा डोळा चोवीस दिसाला फिरून येतो, हेबी त्यानंच आमाला शिकवलं. लई शाना झालाय, असं आमी म्हनायचो.

मग ते साल आलं. पेरलेलं करपलं, हिरी आटल्या, दावनीला जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्या. सरकार म्हनलं, उपग्रहाला जिथं हिरवळ दिसत न्हाई तिथंच चाऱ्याची छावनी. छावनी आमची सोसायटीच चालवनार व्हती. यादी आली आन आमचं गावच त्यात न्हाई. तहसिलात जाऊन मी टेबलावर हात आपटला. कारकुनानं फोटू पुढं सरकवला, म्हनला, "चेअरमन, तुमचं गाव तर तांबडं हाय. हिरवळ दिसतीय."

ती हिरवळ म्हंजे वेडी बाभळ. वढ्याच्या दोन्ही अंगानं शंभर-सव्वाशे एकर माजलेली, दुष्काळातबी हिरवीगार. तिच्या पाल्याला गाय-म्हैस तोंड लावत न्हाई. शेंगा शेळ्या खात्यात. त्या साली सुग्रीवचा कळप निव्वळ तिच्यावर जगत व्हता.

सोसायटीत बैठक भरली. बंकट मुकादम म्हनला, "वरचा डोळा कवा येनार?" मी हिशेब केला, पाच दिस. "मग पाच दिसात बाभळ साफ करू. पुढच्या फोटूत गाव उघडं दिसलं म्हंजे झालं." कुनी न्हाई म्हनलं न्हाई. ऊसतोडीला टोळ्या अजून निघाल्या न्हवत्या, कोयते घरोघर व्हतेच.

तेवढ्यात सुग्रीव आला. म्हनला, "आप्पा, मी उपग्रहाच्या साहेबाला कागद दिलाय. हे पीक न्हाई, बाभळ हाय, असं लिवून सही केलीय. जरा थांबा."

"किती दिस?"

"ते मला कसं ठावं?"

"मग कावून थांबायचं बे? तुझ्या शेळ्यांपायी आमची म्हसरं मारायची व्हय?" हे मीच बोललो.

सकाळी सगळं गाव वढ्यात उतरलं. सुग्रीव आडवा आला. बंकटनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पाठीत घातला, त्यो पडला, उठला, परत पडला. मग एका खोडाला त्यानं हातानं कवटाळून धरलं. मी वरडलो, हात काढ. त्यानं काढला न्हाई. मला वाटलं घाव घातला की काढंल, आन मी कोयता घातला. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गळून पडली. मनकर्णा माझ्या अंगावर धावून आली, तिला बायांनी केसाला धरून वढलं. तेवढ्यात कुनीतरी तोडलेल्या काटेरी फासाट्या पेटवल्या आन वारं फिरलं. आत सुग्रीवच्या शेळ्या चरत व्हत्या. बाभळीच्या जाळीतून त्यांतल्या कितीकींना भाईर येता आलं न्हाई. त्यांचं वरडनं लई येळ चाललं. मला तवा लाज वाटली न्हाई, खोटं कशाला सांगू. काम झालं असंच वाटलं.

अकराव्या दिशी छावनी मंजूर झाल्याचं पत्र आलं. गाव नाचलं. मी पत्र परत वाचलं. सुग्रीवच्या कागदावरून बाभळ हिरवळीतून वगळली, म्हनून गाव यादीत घेतलं, असं लिव्हलं व्हतं. खाली तारीख व्हती, आमी कोयते उचलले त्याच्या आदल्या दिसाची. मी ते पत्र कपाटात घालून कुलूप लावलं आन कुनाला दाखवलं न्हाई.

छावनीत नेम असा की मोठी जनावरंच घ्यायची, शेळ्या-मेंढरांना जागा न्हाई. बाभळ तर आमी ठिवली न्हवती. पंधरा दिसांनी सुग्रीव उरलेला कळप घेऊन छावनीच्या दारात आला. हाताला चिंधी. म्हनला, "आप्पा, गव्हानीतलं सांडलेलं उष्टं तरी खाऊ द्या." मी वहीत तोंड घालून बसलो. बंकटनं पुढं आलेल्या करडाला लाथ घातली. करडू उठलं न्हाई. सुग्रीवनं काठी उचलली आन बंकटच्या तोंडावर मारली, एकदा न्हाई, चार-पाच डाव, चौघांनी धरस्तोवर. बंकटचा डोळा फुटला.

केस उभी ऱ्हायली. साक्षीदार मी. शपथ घेऊन सांगितलं की काठी सुग्रीवनंच मारली, मी माझ्या डोळ्यानं बघितलं. ते खरंच व्हतं. त्याच्या आधीचं वकिलानं मला काय इचारलं न्हाई. सुग्रीव आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडं बघत व्हता. मी सही केली आन खाली उतरलो.