इरानं स्वतः भरलेला फॉर्म

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी इराला एकदाही कडेवर घेतलं नाही. घेतलं असतं तर परत देणं जमलं नसतं, असं आईनं नंतर फोनवर सांगितलं. माझी इरा तेव्हा आठ महिन्यांची होती. बाबा हेडमास्तर, त्यामुळे त्यांचा निरोपही सूचनेसारखाच. "तिकडे रडगाणं गायचं नाही. कुणी विचारलं तर मजेत आहे म्हणायचं." मी मान डोलावली आणि बॅगांची ट्रॉली ढकलत आत गेले.

मी फार आज्ञाधारक मुलगी बरं का. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याचा, मंदारचा, प्रोजेक्ट गेला. व्हिसाच्या धास्तीनं दोघांनाही झोप नव्हती, पण व्हिडिओ कॉलवर आम्ही मजेत. पुढे मलाही इथं परदेशात, पार्सिपनी गावाजवळ नोकरी लागली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका हुडकायच्या आणि भीडभाड न ठेवता लिहून टाकायच्या, याचाच मला पगार मिळतो.

इरा अकरा वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला, दहीभात दिला, शाळेतल्या पिझ्झाला शिव्या घातल्या. पोर वाळत चालली, जीन्स कमरेवर राहीना, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. क्रोन्स निघाला. यात शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतडं सुजतं, जखमा होतात. आयुष्यभर सांभाळायचं दुखणं. दर आठ आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन शिरेतून औषध घ्यायचं. आईला कळवलं तर ती म्हणाली, "बाहेर कुठे बोलू नकोस बाई, मुलीची जात आहे." मग मराठी मंडळातल्या काकूंनी विचारलं तर ॲसिडिटी म्हणायचं ठरलं.

हॉस्पिटलातल्या क्लिनिकची पद्धत मला आधी अजबच वाटली. डॉक्टर, नर्स, डाएटिशियन, आईबाप आणि मूल, सगळे एका टेबलाभोवती. डॉक्टरबाई प्रश्न इराला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचे. आपल्याकडे डॉक्टरांपुढे पोरं कुठे तोंड उघडतात? दर भेटीला टॅब्लेटवर एक फॉर्म असे. पोट किती दुखलं, शौचाला किती वेळा जावं लागलं, रक्त गेलं का. आमच्या परवानगीनं, नाव काढून, ही माहिती दुसऱ्या हॉस्पिटलांमधल्या मुलांच्या माहितीत मिसळायची. कुणाला कोणतं औषध लागू पडतं, हे सगळे डॉक्टर त्यातून शिकतात.

तो फॉर्म मी भरायचे. इराला विचारलं की ती "फाइन" म्हणायची, आणि मला तेवढं पुरायचं. ती दिवसातून चारपाचदा बाथरूमला जाते हे मला दिसत होतं, तरी मी दोन लिहायचे. दुखणं, नाही. रक्त, नाही. तपासणीचा नमुना द्यायचाही दोनदा "राहून गेला". डॉक्टरबाई "ग्रेट" म्हणाल्या की मला पेपर सोपा गेल्यासारखं वाटायचं. इतकंच नाही, इराची शाळा बुडते म्हणून औषधाचं अंतर वाढवा, असा लकडाही मीच लावला होता. गेल्या मार्चच्या भेटीत ते ठरायचं होतं.

त्या दिवशी नर्सनं इराच्याही हातात वेगळा टॅब्लेट दिला. तेरा पूर्ण झाली, आता तिचं तिनं भरायचं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून खाली मान घालून भरत राहिली. मी डोकावले तर तिनं स्क्रीन छातीशी धरला.

थोड्या वेळानं डॉक्टरबाईंनी दोन्ही फॉर्म आमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. माझ्यात शौचाला दोन वेळा, तिच्यात सात. माझ्यात रक्त नाही. तिच्यात रोज. माझं पित्तच खवळलं. "अगं, हे काय लिहून ठेवलंस?" मी सगळ्यांसमोर मराठीत ओरडले.

इरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "इट्स ट्रू, आई. डॉक्टर ग्रेट म्हणाली की तू खूश होतेस. नाहीतर तू कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये जाऊन रडतेस. आय कॅन हिअर यू."

मंदारनं माझा हात धरला, तो मी झटकला. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त अंतर वाढवायचं रद्द केलं आणि त्याच दिवशी रक्त काढायला पाठवलं. पुढे रिपोर्टात निघालं, इराच्या शरीरानं त्या औषधाशीच लढा मांडला होता. अंतर वाढवलं असतं तर आतड्याचा तुकडा काढायची वेळ आली असती, हे त्यांनी मला सरळ सांगितलं. त्या भेटीनंतर गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, माझे ते खोटे आकडे दुसऱ्या मुलांच्या माहितीतही जाऊन बसले होते. त्यावरून औषध ठरणार कुणाच्या तरी लेकराचं, मी त्याला ओळखतही नाही. दुसऱ्या दिवशी क्लिनिकला फोन करून सगळं कबूल केलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी बाबांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "रक्त किती जातं? नीट सांग." मी सांगितलं.

आता नवीन औषध सुरू आहे, आणि क्लिनिकसाठी आम्ही घरी रोजची नोंद ठेवतो. लागू पडेल की नाही, ते कळायला अजून काही आठवडे जायचे आहेत. तिकडे असलेल्यांनो आणि माझ्यासारखे इकडे आलेल्यांनो, घर कुठलं म्हणून मला विचाराल तर कालपरवापर्यंत मी नागपूर म्हटलं असतं. पार्सिपनीतली ही नुसती राहायची जागा, असंच वाटायचं. आज सकाळी मी पोहे परतत होते, तेवढ्यात इराची हाक आली. "आई, ये ना. बघ."

बाथरूमचं दार तिनं उघडंच ठेवलं होतं. मी गॅस बंद केला आणि गेले. रक्त होतं. कालच्यापेक्षा कमी, असं मला वाटलं. इरा म्हणाली, "नाही आई, सेमच आहे," आणि आम्ही तेच लिहिलं.